माझं नाव, तुझं आडनाव

मिलिंद, गेल्या रविवारी तुझ्या शोकसभेत लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. सभा झूमवर होती. स्टेट कॉलेज या गावी युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये तुझे विद्यार्थी बसले होते, साताऱ्याहून तुझी आई आणि ताई जोडल्या गेल्या होत्या, आणि मी इथे क्युपर्टिनोत स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कॉफी गार करत बसले होते. तुझ्या लॅबमधली रिया बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, "वसुधा मावशी इज विथ अस टुडे. ज्यांच्या नावाची स्पीशीज आहे ना, त्या ह्याच." पडद्यावरच्या चौकोनांतले हात हलायला लागले. एक वयस्कर प्रोफेसरबाई म्हणाल्या, की मिलिंदच्या कामामागची प्रेरणा आज आपल्यात आहे.

प्रेरणा. मी म्यूटवर होते म्हणून निभावलं. नाही तर मी अस्सल नागपुरीत जे बोलले असते, ते तुझ्या आईच्या कानावर जायला नको होतं.

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. पन्नाशीच्या अलीकडे हार्ट अटॅकने कुणी जातं का, असं सगळे एकमेकांना विचारताहेत. तुझ्याबद्दल लोक चांगलं बोलताहेत आणि त्यातलं काहीच खोटं नाही. तू विद्यार्थ्यांना घरी बोलावून पिठलं-भात खायला घालायचास, कुणाचीही गाडी बंद पडली की तू जायचास. मला मात्र तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलंय. तू असा निघून गेलास म्हणून मी ते सोडून देईन असं वाटलं असेल, तर इतक्या वर्षांत तू मला ओळखलंच नाहीस.

शिकत असताना आपण राहायचो ते लाकडी घर आठवतं ना? वर आम्ही तिघी मुली, तळघरात तू. तुझ्या खोलीची खिडकी जमिनीच्या पातळीला होती, त्यामुळे अंगणात उभं राहिलं की गवतातून तुझं डोकं दिसायचं. मागच्या हिरवळीत खारीच्या कुळातला एक लठ्ठ ग्राउंडहॉग बीळ करून राहत होता. त्याचं लॅटिन नाव मार्मोटा, हे मला तूच शिकवलं होतंस, म्हणून मी तुलाच मार्मोटा म्हणायला लागले. तू उलट माझं नाव टॅल्पा ठेवलंस. टॅल्पा म्हणजे मोल, चिचुंद्रीसारखा दिसणारा, फावड्यासारखे पंजे असलेला. "तू सारखी काहीतरी उकरत असतेस," असं तुझं म्हणणं होतं. शेवटच्या फोनपर्यंत तू मला टॅल्पाच म्हणत होतास.

लॅटिनचं वेड तुझं. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेला तो जाडजूड शब्दकोश फ्रिजवर असायचा. कँपसच्या बसने थकून आलो की मी कांदा चिरायची आणि तू वाचून दाखवायचास. क्युनिक्युलस म्हणजे ससा, सशाचं बीळही आणि जमिनीखालचं भुयारही. फॉसोर म्हणजे खणणारा. फॉसिल हा शब्दही त्याच घरातला, त्याचा मूळ अर्थ नुसताच 'खणून काढलेलं'. मला आवडायचं ते ऐकायला. नागपूरच्या कॉलेजात ही नावं आम्ही पाढ्यांसारखी घोकली होती. त्यांना अर्थ असतो, हे मला स्टेट कॉलेजच्या त्या कळकट स्वयंपाकघरात कळलं. त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे आणि तेही इथेच सांगून टाकते.

आपल्या हिरवळीखालच्या मोलचीही गोष्ट तू सांगितली होतीस. त्याच्या नावातला दुसरा शब्द ॲक्वॅटिकस, म्हणजे पाण्यातला. बिचारा जन्म सगळा कोरड्या मातीत काढतो. ज्याने नाव ठेवलं त्याने बोटांमधला पडदा बघितला आणि हा पोहणारा असणार असं ठरवून टाकलं.

"मग बदलत का नाहीत?" मी विचारलं.

"नियम आहे. पहिलं छापलेलं नाव कायम. चुकीचं असलं तरी," तू म्हणालास आणि तव्यावरची पोळी उलटलीस.

तुझा विषय क्रेफिश. आपल्याकडे हा प्राणी नाही, म्हणून त्याला मराठी नावही नाही. शेवंडीचं, म्हणजे लॉबस्टरचं, धाकटं भावंड म्हणावं असा, गोड्या पाण्यातला. त्यातले काही ओढा सोडून ओल्या कुरणात खोल बीळ करून राहतात आणि उकरलेल्या चिखलाच्या गोळ्या रचून बिळाच्या तोंडावर वीतभर उंचीचं धुराडं बांधतात. बस डेपोच्या मागे असं एक कुरण होतं. मी वेगळ्या लॅबमध्ये मातीतल्या किड्यांवर काम करत होते, पण शनिवारी तुझ्याबरोबर यायचे, कारण तुझा हात बिळात कोपराच्या पुढे जात नव्हता. माझा हात बारीक, खांद्यापर्यंत आत जायचा. आणि चिमटा बसला तरी मी सोडत नसे.

लोकांना वाटतं शास्त्रज्ञ म्हणजे पांढरा कोट. आपल्याकडे एक खुरपं, एक बादली आणि टॉयलेटचा प्लंजर होता. बिळात पाणी ओतायचं, प्लंजरने दाबायचं आणि आतला प्राणी वर आला तर आला. नाहीच आला तर पोटावर झोपून हात घालायचा. एकदा कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईने विचारलं होतं, की तुमचा पाइप तुंबलाय का. तू अतिशय गंभीरपणे हो म्हणालास.

तिथेच तो करार झाला. तू चिखलात फतकल मारून सँडविच खात होतास आणि सांगत होतास, की नव्या प्राण्याला स्वतःचं नाव कुणी देत नाही. नियमात तसं लिहिलेलं नाही, पण ते असभ्य समजतात. दुसऱ्याने दिलं तर तो मान.

"मग सोपं आहे," मी म्हणाले. "मला सापडला तर मी तुझं नाव देते. तुला सापडला तर तू माझं दे."

"डन," तू म्हणालास, आणि चिखलाच्या हाताने हात मिळवलास.

त्या पानगळीत मला तो सापडला, मिलिंद. मला. तू कुरणाच्या पलीकडच्या टोकाला दुसऱ्या बिळावर प्लंजर मारत होतास. माझा हात खांद्यापर्यंत आत होता, गाल ओल्या गवतावर टेकलेला, आणि आतल्याने माझं बोट धरलं होतं. मी त्याला हळूहळू वर घेतलं, बादलीत धुतलं आणि सवयीप्रमाणे नांगी उलटून बघितली. नांगीच्या आतल्या कडेला बारीक दाणे असतात. तिथल्या क्रेफिशला त्यांच्या दोन ओळी असायच्या. याला एकच होती.

"मिल्या, इकडे ये. याला एकच ओळ आहे."

"चिखल असेल. पूस आणि परत बघ."

"पुसला बे. तू येऊन राहिला का मी येऊ?"

तू आलास. भिंगातून इतका वेळ बघत राहिलास की माझे पाय बधिर झाले. मग हळूच म्हणालास, "टॅल्पा, मी इथे चार वर्षं येतोय. मला हे दिसलं नाही." तुझा तेव्हाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यात हेवा नव्हता, निखळ आनंद होता. म्हणून तर पुढचं मला अजून समजत नाही.

पुढचे दोन मोसम आपण खणलं. मोजमापं मी घेतली, नांग्यांची चित्रं मी काढली, कारण तुझी चित्रं बघून विहिणीच्या ताटातल्या करंज्या आठवायच्या. मग माझ्या गाइडची ग्रँट संपली. पीएचडी सुटली, मास्टर्सवर माझी बोळवण झाली. व्हिसा टिकवायचा तर नोकरी हवी होती, म्हणून मी क्युपर्टिनोला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आले. बस स्टॉपवर माझ्या बॅगा धरून तू म्हणालास, "घाई करू नकोस. सेटल हो. पेपर आपण दोघं लिहू." मी सगळी चित्रं आणि मोजमापं तुझ्याकडे ठेवून आले. ती तुझ्याकडे आहेत म्हणजे माझ्याकडेच आहेत, असं मला वाटत होतं.

इथल्या ऑफिसात मी दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधते. काम वाईट नाही. पण त्या वर्षांत कुणी विचारलं, की आधी काय करत होतीस, तर मी म्हणायची, रिसर्च करत होते, पेपर येतोय. तो एक पेपर माझा पुरावा होता. पीएचडी अर्धी राहिली होती, लॅब सुटली होती, पण एका प्राण्याला पहिल्यांदा ओळखणाऱ्यांत माझं नाव छापलेलं असणार होतं. त्याच्या लॅटिन नावापुढे कायमचं लिहिलं गेलं असतं, डोंगरे आणि सबनीस, मी आणि तू. सबनीस आणि डोंगरे चाललं असतं. मी क्रमावरून भांडले नसते.

तुझा मेल आला तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत कॅफेटेरियात होते. विषयात फक्त 'सरप्राइज' लिहिलं होतं. पेपर उघडला. शीर्षकातच नव्या प्राण्याचं नाव होतं, आणि त्यातला दुसरा शब्द होता वसुधाए. वसुधाचा. मला एक क्षण इतका आनंद झाला की मी डबा बाजूला सारला. मग खाली लेखकाच्या जागी बघितलं. तिथे एकच नाव होतं. मिलिंद सबनीस. माझी चित्रं आत होती, माझी मोजमापं तक्त्यात होती आणि शेवटी आभारात लिहिलं होतं, की क्षेत्रकार्यातल्या उत्साही मदतीबद्दल हे नाव वसुधा डोंगरे हिच्या सन्मानार्थ दिले आहे.

उत्साही मदत. मी पार्किंग लॉटमध्ये जाऊन तुला फोन लावला.

"आवडलं?" तू विचारलंस. तुझा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"माझं नाव कुठाय?"

"अगं, शीर्षकात."

"लेखकांत कुठाय, मिलिंद?"

"तू लेखक असतीस तर तुझं नाव देता आलं नसतं ना. स्वतःच्या पेपरात स्वतःचं नाव, लोक हसले असते."

"मग द्यायला कुणी सांगितलं होतं?"

"आपलं ठरलं होतं, वसू. डेपोच्या मागे. मी शब्द पाळला."

"काय ठरलं होतं? ज्याला सापडेल त्याने दुसऱ्याचं द्यायचं. मला सापडला होता. मी तुझं द्यायला पाहिजे होतं."

मग तू जे म्हणालास ते मला पाठ आहे. "पण तू आता फील्डमध्ये नाहीस. पेपर तुला काय कामाचा? मला प्रोफेसरकीला लागतो. आणि तुझं नाव तर कायम राहणार. कुणी बदलू शकत नाही."

हे तू खरं बोललास, आणि त्याचाच मला सगळ्यात राग आला. तुला नोकरीसाठी एकट्याचा पेपर हवा होता, तर मागायचास. मी कदाचित दिलाही असता. पण तू माझा वाटा काढून घेतलास आणि त्याच कागदात गुंडाळून मला भेट म्हणून दिलास. त्यामुळे रडायचीही सोय राहिली नाही. ज्याला सांगावं तो म्हणायचा, अगं, पण केवढा मान आहे. मी खणणारी होते, मिलिंद. तू मला खणून काढलेलं करून टाकलंस.

गंमत पुढेच आहे. शास्त्रीय नावापुढे लेखकाचं आडनाव लिहितात, म्हणून ते नाव सगळीकडे 'वसुधाए सबनीस' असं छापलं जातं. लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावलं नाही म्हणून मी सासरी महिनाभर धुसफूस सोसली, आणि तुझं मात्र मला न विचारता लागलं. इथल्या गणपतीत कुणीतरी ते इंटरनेटवर शोधून काढलं. एक काकू मोदकाची प्लेट घेऊन माझ्याकडे आल्या. "तुझ्या नावाचा खेकडा आहे म्हणे? कौतुक आहे हो. आणि सबनीस म्हणजे तुझे मिस्टर का?" माझे मिस्टर शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "नाही काकू, मी कुळकर्णी. खेकड्याचं सासर वेगळं आहे." सगळे हसले. मीही हसले, आणि मोदक न खाताच निघाले.

दोन वर्षं मी तुझे फोन घेतले नाहीत. मग नागपूरला बाबा गेले, आणि व्हिसाचं स्टँपिंग अडकल्यामुळे मला जाता येईना. तू कुणाकडून तरी ऐकलंस आणि न विचारता विमानात बसून आलास. आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून तू वरण लावलंस, माझ्या लेकीला शाळेत सोडलंस आणि माझ्याशेजारी नुसता बसून राहिलास. अशा माणसाशी लेखकाच्या नावावरून कसं भांडायचं? मी भांडले नाही. तुझ्या हातचं वरण जेवले आणि मनातल्या मनात म्हटलं, हा माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

त्यानंतर आपण पुन्हा बोलायला लागलो. दर वसंतात कुरणातलं पहिलं धुराडं दिसलं की तू फोटो पाठवायचास. गेल्या वर्षी कॉन्फरन्सला आलास तेव्हा आपण खाडीच्या काठाला घुबड बघायला गेलो. जमिनीतल्या बिळात राहणारं ते बारकं घुबड, लांब पायांचं, बिळाच्या तोंडाशी उभं राहून आपल्याकडे रागाने बघत होतं. "क्युनिक्युलारिया," तू म्हणालास. "भुयारात राहणारी. किती छान नाव आहे बघ. जी जशी राहते तसं."

"मी तेच सांगत होते," मी म्हणाले. "प्राण्याला त्याच्या कामावरून नाव द्यावं. माणसांची कशाला?"

तू दुर्बीण खाली केलीस. वारा सुटला होता. "तुला अजून राग आहे?"

"हो."

तू मान हलवलीस आणि म्हणालास, "बरं."

एवढंच. मी वाट बघत राहिले. तू दुर्बीण पुसलीस, केसमध्ये ठेवलीस, आणि परत येताना मिसळीचा विषय काढलास. त्या 'बरं'चा मी वर्षभर अर्थ लावत राहिले. कधी वाटायचं ती माफी होती, कधी वाटायचं तू विषय मिटवलास. ठरवलं होतं, या उन्हाळ्यात तू येशील तेव्हा सरळ विचारीन. तू ती सोयही ठेवली नाहीस.

काल रियाचा फोन आला. मुलगी गोड आहे. मिशिगनमध्ये नोव्हाय गावी वाढलेली, मराठी समजतं सगळं, बोलताना अर्ध्यावर इंग्रजीत जाते. ती म्हणाली, आपण त्याच कुरणातून आणलेल्या दुसऱ्या बरणीतले क्रेफिश तिने नव्याने तपासले. निळसर नांग्यांचे, लहान, जे आपण पिल्लं समजून बाजूला ठेवले होते. ती पिल्लं नाहीत. तीही वेगळी जात आहे, अजून नाव नसलेली.

"मावशी, तुमची फील्डची माहिती लागेल मला. सो यू हॅव टू बी अ को-ऑथर. आणि मला ना, त्याला मिलिंद काकांचं नाव द्यायचंय. इट विल बी सो ब्यूटिफुल. तुमच्या नावाचा एक आणि त्यांच्या नावाचा एक, सेम कुरणातले."

इतक्या वर्षांनी आपला करार जसा ठरला होता तसा पुरा करायची संधी चालून आली होती. तुझं नाव, आणि त्याच्यापुढे माझं आडनाव. फिटंफाट झाली असती. तुझ्या शोकसभेतल्या त्या प्रोफेसरबाईंनी तुला माझी प्रेरणा म्हटलं असतं. खोटं कशाला बोलू, ते मनात येऊन गुदगुल्या झाल्या.

"ते निळे कुणी काढले होते, तुला माहितेय का?" मी रियाला विचारलं.

"तुम्ही दोघांनी ना?"

"बिळं त्याने शोधली होती. मी फक्त हात घातला. त्या निळ्यांची मोजमापंही त्यानेच घेतली होती, चुकांसकट. त्याला लेखक कर."

"काकांना? पण मावशी, ते..."

"गेलेल्या माणसाला लेखक करता येतं. मी आज रात्री झोपेत विचारून घेईन त्याला."

ती हसली, मग तिच्या लक्षात आलं. "पण मग त्यांचं नाव नाही देता येणार. इट्स नॉट डन."

"माहितेय मला."

"मग नाव काय द्यायचं?"

"तो काय करतो ते बघ आणि लॅटिनमध्ये सांग. शब्दकोश तुमच्या लॅबमध्ये फ्रिजवर असेल."

तो तिथेच होता. रियाने तो उतरवल्याचा आवाज मला फोनमध्ये ऐकू आला. आणि मग मी रडले, तू गेल्यापासून पहिल्यांदा, सगळं नाक गळेपर्यंत.

तर असं आहे, मिलिंद. तुझ्या नावाचा प्राणी जगात असणार नाही. कुणी तुझ्यासाठी टाळ्या वाजवणार नाही, तू कुणाची प्रेरणा नसशील. तू तिघांतला एक असशील, सबनीस, डोंगरे आणि ती पोरगी, खणणाऱ्यांच्या रांगेत. मला जे हवं होतं, तेच मी तुला दिलंय. यात माया किती आणि सूड किती, ते मलाही सांगता येणार नाही.

तुला कदाचित हे आवडणार नाही. तुला स्वतःच्या नावाचा एक तरी खेकडा हवा होता, मला माहीत आहे. राग आला असेल तर येऊ दे.

बरं.